चीक

शुक्रवारी सकाळी नऊला
माझे उजवीकडचे केस सरळ होते, डावीकडचे नव्हते,
आणि स्ट्रेटनरच्या दोन पट्ट्यांमधून धूर आला.
केस जळल्याचा नव्हे, तो मला ओळखता येतो.
हा हिरवट, जरासा गोड,
ओल्या गोणपाटावर कुणी
लिंबाची साल चुरडून टाकावी तसा.
पट्टी उलटून पाहिली.
कडेला मधासारखं काहीतरी. बोट लावलं,
तर ते बोटच सोडेना.

निनाद आत पालथा झोपलेला,
रात्रपाळीचे बूटसुद्धा न काढता.
उशाशी बटर पेपरची घडी, आणि घडीत
चपटं झालेलं एक फूल,
होतं नव्हतं ते सगळं देऊन बसलेलं.
शेजारी तो थेंब.
तुरीएवढा. नाही, मुगाएवढा.

एवढ्यासाठी?
एवढ्यासाठी रात्री दोनला गच्चीवर
माझा अडीच हजारांचा स्ट्रेटनर,
पाण्याच्या टाकीमागे एक्स्टेन्शन बोर्ड,
जिगरचा मोबाइल टॉर्च,
आणि दोघांनी मिळून दाबलेला श्वास?
मला साडेदहाला ऐरोलीत इंटरव्ह्यू होता.
ओरडायला तोंड उघडलं,
तर दारात आई, हाताला तांदळाचं पीठ.

तिने नाकाने दोनदा हवा ओढली.
"कंचा चीक लागलाय गो यो?"
उत्तराची वाट न बघता
खोबरेलाची बाटली घेऊन खालीच बसली,
फणस फोडल्यावर बसते तशी,
आणि चिंधीने पट्ट्या पुसू लागली,
एकाच दिशेने, न खरवडता.

"यो वास मना ठावा हाय," म्हणाली.
आजोबा मिठागरावर राखणीला असायचे,
खाडीचं पाणी वर आलं की उघाडीजवळ उभे,
मिठाने पायांना भेगा, भेगांत परत मीठ.
झोप लागायची नाही.
कुणीतरी पलीकडून पुडी आणून द्यायचं,
ते दोन तळव्यांत चोळत बसायचे,
तळवे काळे होईपर्यंत.
ही नवी सून. पहाटे हातावर पाणी घालायला जायची.
पाण्याने निघेना, राखेने निघेना.
एक दिवस हिने न बोलता खोबरेल दिलं.
"तवापासून मना सून नाय, पोरी म्हनाचे."

मिठागर कुठे होतं, मी विचारलं.
तिने चिंधीनेच खिडकीबाहेर दाखवलं.
तिकडे सेक्टर, टॉवर, पोडियमवर गार्डन,
आणि गार्डनमध्ये पोटाशी मांडी घालून
ध्यानाला बसलेली तीन माणसं.

बटर पेपर तिने उचलला,
घडीवर घडी घातली,
आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून कपाट लावलं.
"उठला का बोलन मी. तू जा."
मी गेले. अर्धी सरळ, अर्धी कुरळी.
नाक्यावर रिक्षा थांबवली. हवालदार आत वाकला,
माझ्याकडे बघितलं, वास घेतला,
माझ्या पोटात गोळा.
"काय तेल लावलंय बाई," म्हणाला. "चल, घे पुढे."

नोकरीचं अजून कळवलेलं नाही.

संध्याकाळी जिन्यात थबकले.
गच्चीवर निनाद तळवे पुढे करून बसलेला,
लहानपणी छडी खायला बसायचा तसा,
आणि आई त्यावर तेल सोडत होती.
काहीतरी सांगत होती,
मध्येच थांबत, पुन्हा सांगत.
ठाणे-बेलापूर रोडवरून एकामागून एक टँकर जात होते,
मला शब्द ऐकू आले नाहीत.
फक्त त्याचा आवाज, एकदाच:
"झोपच येत नाय गो आई."

स्ट्रेटनर चालतो अजून.
एक पट्टी जरा उशिरा तापते.